एका यूआयडीवरची दोन ॲप्स वेगळी करताना

रतिबाचं दूध घरपोच देणाऱ्या एका व्यवसायाची दोन अँड्रॉइड ॲप्स आमच्या बाणेरच्या ऑफिसात सांभाळायला आली. एक दूध टाकणाऱ्या पोरांना रस्ता दाखवणारं, दुसरं ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढणारं. तक्रार अशी, की कोथरूडच्या एका पोराने पावतीच्या ॲपची लोकेशन परवानगी काढून घेतली आणि रस्त्याचं ॲप बंद पडलं. पावतीला लोकेशन कशाला, असं त्याला वाटलं, आणि ते साहजिकच आहे. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथवर प्रिंटर शोधायलाही लोकेशन लागतं, हे त्याला कोण सांगणार?

फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबी शेलमधून, म्हणजे फोनला थेट आज्ञा देण्याच्या साधनातून, चालू प्रोसेसची यादी काढली. दोन्ही ॲप्सच्या ओळींत पहिल्या रकान्यात तेच: यू०_ए२१४, म्हणजे यूआयडी (यूझर आयडी, वापरणाऱ्याचा ओळख नंबर) १०२१४. तिथेच उलगडा झाला. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्समध्ये यूआयडी असतो माणसाचा. अँड्रॉइडने तो ॲपला दिला. इन्स्टॉल होताना ॲपला १०००० पासून पुढचा एक नंबर मिळतो. डेटाचं फोल्डर त्या नंबराच्या मालकीचं, झायगोटमधून (ॲप्स सुरू करणाऱ्या मूळ प्रोसेसमधून) निघालेली प्रोसेस त्याच नंबराने चालणार, परवानगी तपासतानाही सिस्टिम तोच नंबर बघणार. आधीच्या कोणी तरी लॉगिनची माहिती दोघांना वापरता यावी म्हणून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती सिस्टिमला सांगणाऱ्या फाइलमध्ये, शेअर्ड यूझर आयडी (दोघांना एकच नंबर देणारी ओळ) टाकून ठेवला होता. एका सातबाऱ्यावर दोन भाऊ!

ही सोय अँड्रॉइड १० पासून बाद ठरवली आहे. पण ती ओळ नुसती खोडून अपडेट देता येत नाही. यूआयडी बदलला तर जुनं फोल्डर कोणाचं, हा प्रश्न उरतोच, त्यामुळे असा अपडेट चालत नाही. अँड्रॉइड १३ मध्ये त्यावर तोड आली: शेअर्ड यूझर मॅक्स एसडीके व्हर्जन. तिथे ३२ (अँड्रॉइड १३ च्या आधीच्या आवृत्तीचा एसडीके नंबर) लिहिलं, की अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनवर नव्याने टाकलेली ॲप्स आपापला नंबर घेतात.

मग लॉगिन कसं वाटायचं? रस्त्याच्या ॲपमध्ये कंटेंट प्रोव्हायडर (दुसऱ्या ॲपला माहिती देणारा भाग) लिहिला आणि त्याला सिग्नेचर पातळीची परवानगी लावली, म्हणजे आमच्याच किल्लीने साइन केलेल्या ॲपलाच दार उघडेल. तरी पावतीच्या ॲपला प्रोव्हायडर सापडेना! अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसरं सहसा दिसतच नाही. एकत्र नंबर असताना ते आपोआप दिसायचं. मॅनिफेस्टमध्ये क्वेरीज (कोणतं ॲप दिसायला हवं ते सांगणारी नोंद) जोडल्यावर गाडं पुढे सरकलं.

टेस्टरने नव्या फोनवर पावतीची लोकेशन परवानगी बंद केली. रस्ता चालू राहिला, पावतीही छापली गेली, कारण अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथची परवानगी वेगळीच आहे.

पोरांच्या जुन्या फोनवर मात्र दोन्ही ॲप्स एकाच नंबरावर जोडलेली राहणार. ज्यांवर आता १३ आलंय, तिथे दोन्ही ॲप्स काढून पुन्हा टाकावी लागतील, आणि त्याआधी न पाठवलेल्या पावत्या सर्व्हरवर चढवाव्या लागतील. मालकांना ते सांगितलं. म्हणाले, "पोरं सकाळी साडेआठला मोकळी होतात, तेव्हा या."