कचऱ्याची गाडी थांबवली तो दिवस

मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे पावणेआठ. शाळेच्या गेटाशी कचऱ्याची गाडी उभी, तिचं रोजचं गाणं चालू, आणि सातवीची सहा-सात पोरं गाडीवरच्या दीदींना विनवतायत, "दीदी, हमारा कचरा वापस दे दो ना."

दीदींनी आधी पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं चुकलं नव्हतं. आमचं इंदूर 2017 पासून ओळीने सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर. ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा सहा तऱ्हांनी वेगळा करून द्यायचा, हे इथे बालवाडीतल्या पोरालाही पाठ असतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, संपली की राजवाड्यावरचा गुलाल किती वेळात झाडून निघतो, हा आमच्याकडे अभिमानाचा विषय. अशा गावात कोणी गाडीतलं पोतं परत मागतं का?

चार पोती होती. त्यांत आमच्या कोपऱ्यातला दोन पावसाळ्यांचा पालापाचोळा होता. आणि तो भरायला मीच सांगितलं होतं.

हा कोपरा म्हणजे शाळेच्या मागच्या बाजूचा वीस बाय तीस फुटांचा तुकडा. पूर्वी तिथेही बाकी पटांगणासारखे पेव्हर ब्लॉक होते. धूळ नाही, चिखल नाही, पालक खूश. मी विज्ञान शिकवते. एका एप्रिलमध्ये उष्णतेचा धडा चालू असताना कोविडच्या काळातला तो बंदुकीसारखा तापमापक घेऊन वर्ग बाहेर नेला. कडुनिंबाखालच्या मातीवर धरला तर आकडा दिसला. ब्लॉकवर धरला तर आकड्याच्या जागी नुसतं ‘हाय’. पोरं म्हणाली, मॅडम, ब्लॉकसुद्धा हाय हाय करतायत. त्या एका विनोदावर पुढचं सगळं उभं राहिलं म्हटलं तरी चालेल.

नंतर पाण्याचा प्रयोग केला. पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा जमिनीत ठोकायचा, त्यात लिटरभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावून बसायचं. कडुनिंबाखाली पाणी चार-पाच मिनिटांत गेलं. चार ब्लॉक उचलून त्यांच्या खालच्या जमिनीत तोच तुकडा ठोकला, तर तास संपल्याची घंटा झाली तरी बोटभर पाणी तसंच. ब्लॉकखाली दगडाची चुरी, तिच्याखाली मुरूम, त्याखाली रोलर फिरवून दाबलेली आपली माळव्याची काळी माती. या मातीचा स्वभाव मोठा विचित्र. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिलं पाणी ती गटागटा पिते, आणि फुगली की तोंड मिटून घेते. पण भेगा पडायलाही तिला मोकळं सोडावं लागतं. आमची तर वर्षानुवर्षं झाकलेली होती.

परवानगी मिळवण्याची कहाणी सांगत बसत नाही. "साप येतील" हा प्रश्न तीन बैठकांत तीन वेगळ्या माणसांनी विचारला. साप उंदरांमागे येतात आणि उंदीर डब्यातल्या सांडलेल्या पोळी-भाजीमागे, हे माझं उत्तर कोणालाच फारसं पटलं नाही. डासांचं उत्तर पटलं, कारण ते हिशेबाचं होतं. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस लागतात. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या परातीतलं पाणी आम्ही दर दुसऱ्या दिवशी ओतून, परात घासून, बदलणार होतो. त्याची पाळी वर्गाच्या फळ्यावर लागली.

पावसाच्या आधी पोरांनी, पीटीच्या सरांनी आणि मी ओळ करून दोन हजारांवर ब्लॉक हातोहात काढले. एकेक ब्लॉक चारेक किलोचा. दुसऱ्या दिवशी मला ताट उचलवेना. मग मुरूम काढला, माती खणून शेणखत घातलं आणि जुलैत लावणी केली: कढीपत्ता, कागदी लिंबू, तरवड, अडुळसा, कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला रुई (तिचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून हाताला लागणार नाही अशी), आणि मधे गवत. गवत लावलं नाही, ते आपलं आपण आलं.

लावणं सोपं होतं. जड गेलं ते न झाडणं. पोरं सहलीला सिरपूर तलावावर गेली होती. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला तोच तलाव. तिथे एकीने विचारलं, "इथे पानं कोण झाडतं?" कोणी नाही, म्हटलं. "मग आपण का झाडतो?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. परत आल्यावर ठरलं, कोपऱ्यातलं पडलेलं पान तिथेच राहणार. आमचे माळीभैया मात्र रोज सकाळी खराटा हातात धरून कोपऱ्याच्या कडेला उभे राहत आणि खिन्नपणे आत बघत. वीस वर्षं ज्या हातांनी पटांगण आरशासारखं ठेवलं, त्यांना आम्ही सांगत होतो की इथे घाणच बरी.

तर मार्चमध्ये कळलं की शुक्रवारी पाहुणे येणार आहेत, शाळा बघायला. ऑफिसातून फोन आला, मागचा भाग जरा नीट दिसू दे. परीक्षेचे पेपर डोक्याशी, कडुनिंबाची पानगळ जोरात, कोपऱ्यात घोटाभर पिवळा पाला. मी पेपर तपासता तपासता माळीभैयांना फोन केला आणि म्हणाले, "भैया, पीछे का थोडा साफ करवा देना." थोडा. माझ्या मनात होतं पायवाटेवरचं. त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला नकोच. दीड वर्ष ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द मॅडमच्या तोंडून आला होता. त्यांनी गुरुवारी पहाटे येऊन अख्खा कोपरा लख्ख केला आणि जाता जाता कढीपत्त्याच्या "बीमार" फांद्याही छाटल्या.

त्या फांद्यांवर पोरांचे कोष होते.

पोरांचे म्हणजे लिंबाच्या फुलपाखराचे. ही अळी लहान असताना हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळी-पांढरी, ओलसर. मोठी झाली की हिरवी. बोट लावलं की डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. वर्गातल्या प्रत्येकाने तो वास एकदा घेतलेला होता. कोष मात्र गंमतीचा: हिरव्या पानांत असला तर हिरवा, वाळक्या काडीवर असला तर तपकिरी, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून काडीला टेकलेला. पाच कोषांना एक ते पाच नंबर दिले होते आणि एका वहीत रोज नोंद होत होती.

सकाळी सातवीची दोघं परात घासायला मागे गेली आणि धावत वर्गात आली. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

दीदींनी गाणं बंद केलं, पोती खाली उतरवली आणि म्हणाल्या, "देख लो, पर जल्दी करना." पेपर दहाला होता. ताडपत्री अंथरून पोती उलटी केली. मी पोरांची माफी मागितली. एकानेही "चालेल मॅडम" म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पाला बोटांनी चाळायला अर्धा तास लागला. शंखाच्या गोगलगायी निघाल्या, हात लावताच पैशासारखा गोल होणारा वाणी निघाला, कोळ्याची अंड्यांची पांढरी पिशवी निघाली. सुरुवातीला पोरं फक्त कोष शोधत होती. मग कोणीतरी मोजायला लागलं, आणि त्या "कचऱ्यात" काय काय राहत होतं ते आम्हाला पहिल्यांदाच नीट दिसलं. कोपऱ्यात वाकून कधी एवढं दिसलं नव्हतं.

तिसऱ्या पोत्यात एक ढेकूळ हललं. खडबडीत पाठीचा, मातकट रंगाचा बेडूक. पावसाची वाट बघत पाल्याखाली निजलेला, खराट्याने पोत्यात आलेला. एक डोळा उघडून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. माळीभैया इतका वेळ लांब उभे होते. ते पुढे आले, ओंजळीत बेडूक घेतला आणि काही न बोलता लिंबाखाली फुटक्या कुंडीच्या सावलीत नेऊन ठेवला. वर मूठभर पाला पसरला. "हाथ धो लेना भैया, आँख को मत लगाना," पोरांनी त्यांना बजावलं.

पाचही कोष सापडले. फांद्या दोऱ्याने कढीपत्त्याला बांधून टाकल्या. चारही पोत्यांतला पाला परत पसरला आणि दीदींची गाडी रिकाम्या हाताने पुढच्या गल्लीत गेली.

पाहुणे शुक्रवारी आले, चहा घेऊन गेले. मागे कोणी फिरकलंच नाही.

माळीभैया आता मला फोन करतात. "मॅडम, आज मेहमानों वाला साफ करना है, कि अपना वाला साफ?"

कोषांचं म्हणाल तर पाचांतली दोन फुलपाखरं परीक्षा संपायच्या आत उडाली, दोन्ही सकाळच्या वेळी. एक कोष पोत्यात चेपला होता, तो वाळून गेला. एकातून काहीच निघालं नाही. आणि एकाचं असं झालं की त्यात बारकं छिद्र पडलेलं दिसलं. त्यात आधीच कोणीतरी अंडी घालून गेलं होतं. गांधीलमाशीच्या कुळातली, मुंगीहून लहान माशी. दोन मुलींना रडू आलं, एका मुलाला त्या माश्याच जास्त आवडल्या. वहीत त्याच्या वाकड्या अक्षरात नोंद आहे: "नंबर तीन. फुलपाखरू नाही. माश्या निघाल्या. मोजता आल्या नाहीत, उडून गेल्या."