गच्चीवरची होडी

आज होडीला टाके घातले. म्हणजे अक्षरशः टाके! ६ मिमी मरीन प्लायच्या (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या) कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची, पकडीने पीळ द्यायचा. सकाळी सपाट पडलेल्या फळ्या संध्याकाळी चक्क होडीसारख्या दिसायला लागल्या. आता सांधे आतून इपॉक्सी गोंद आणि लाकडाच्या भुशाने भरायचे.

मुंबईची थंडी ती काय, पण हवा जरा कोरडी, म्हणून जानेवारीतच हा उद्योग. ८ बाय ४ फुटांची शीट लिफ्टमध्ये मावेना, चार मजले जिन्यातून चढवली. वॉचमन अजून बोलत नाहीये.

वर्सोव्याचे ओळखीचे कोळीकाका बघायला आले. तळावरून हात फिरवत म्हणाले, "बरी हाय. पन खाली कशी नेनार?"

नेमकं तेवढंच मोजलं नव्हतं.