लातूर-मुंबई-दुबई

भाच्याला आज दुबईच्या विमानात बसवलं. लातूरहून मुंबई पाचशेएक किलोमीटर, त्याला अख्खी रात्र रेल्वेत गेली. मुंबई-दुबई सरळ रेषेत सुमारे १,९३० किलोमीटर, अन् विमानाला सव्वातीन तास पुरतात! सकाळी दहाला उडालं, तिथल्या घड्याळात पावणेबाराला उतरलं बी. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं ना. ताईला हे सांगून पटेना. "पावणेदोन तासांत पोचलं लेकरू? एवढ्यात आपली एसटी उदगीरला जायना!"

येताना विमान बहुतेकदा अजून लवकर येतं, कारण वरचे पश्चिमेचे वारे मागून रेटतात, हिवाळ्यात जास्तच. (विमानतळावर तीन तास आधी बोलावतात, ते मात्र कुणी प्रवासात धरत नाही.)

माझं परतीचं तिकीट अजून वेटिंगलाच आहे.