एल्म : डोंगराच्या भोकातून येणारं ऊन

३० सप्टेंबरला सकाळी नऊपासून मी आणि आई स्वित्झर्लंडमधल्या एल्म गावच्या चर्चजवळ उभ्या होतो, आणि समोरच्या चिंगलहॉर्नर सुळक्यांवर ढग ठाण मांडून बसले होते. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, काहीच दिसलं नाही. या सुळक्यांना आरपार एक भोक आहे, साधारण वीस मीटरचं. त्याचं नाव मार्टिन्सलॉख. वर्षातून दोनदाच, १२-१३ मार्चला आणि ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला, सूर्य बरोबर त्या भोकामागे येतो आणि ऊन गावच्या चर्चवर पडतं. आम्ही दोन रात्रींची खोली घेतली होती म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. सगळं गाव सावलीत, कुरणावर दव, आणि साडेनऊच्या सुमारास भोकातून उन्हाचा झोत आला. विरळ धुक्यामुळे तो हवेतही दिसत होता. दोनेक मिनिटांत सरकून गेला आणि गाव पुन्हा सावलीत बुडालं. कड्यावर सूर्य उगवला तो त्यानंतर. तेव्हा पहिला सल्ला हाच : या तारखांना जाणार असाल तर दोन्ही सकाळी हाताशी ठेवा आणि खोली फार आधी घ्या, कारण गाव लहान आहे.

या भोकाची एक गोष्ट सांगतात. पलीकडच्या फ्लिम्सचा एक राक्षस मेंढ्या चोरायला आला. मार्टिन नावाच्या मेंढपाळाने लोखंडी टोकाची काठी भिरकावली, ती कड्यात घुसली आणि पार झाली. भूगर्भशास्त्रज्ञांची गोष्टही तितकीच अजब आहे. भोकाच्या वर सुळक्यांवर आडवी आखल्यासारखी रेघ दिसते. तिच्या वरचा वेरुकानो खडक पंचवीस-तीस कोटी वर्षांचा, खालचा पाच कोटींहूनही तरुण. म्हणजे जुनं वर, नवं खाली. आल्प्स घडताना जुने थर सरकत येऊन तरुण थरांवर चढले. हा सगळा टापू २००८ पासून जागतिक वारसा आहे. रेघ पाहायला दुर्बीण न्या.

पण मला एल्म आठवतं ते १८८१ साठी. गावाशेजारच्या डोंगरात पाटीचा दगड होता. युरोपात शाळा वाढल्या तशी पाट्यांची मागणी वाढली, आणि गुरांवर जगणाऱ्या या गावाला रोख पैसा दिसला. खाणकाम जाणकारांविना सुरू राहिलं. डोंगराच्या पायथ्यात सुमारे १८० मीटर रुंद आणि ६५ मीटर खोल खाच पडली, वरचा भार तसाच. वर भेगा रुंदावत होत्या. पावसाळी आठवडे गेले. आदल्या दिवशी पाहणी करणाऱ्यांनाही तातडीचा धोका वाटला नव्हता. ११ सप्टेंबर, रविवारची संध्याकाळ. पहिली दरड कोसळली, थोड्या वेळाने दुसरी. लोक पळण्याऐवजी पाहायला, मदतीला धावले. मग तिसऱ्या वेळी अख्खा कडाच आला. सुमारे १ कोटी घनमीटर दगड दरीत उतरून पाण्यासारखा वाहत गेला. ११५ माणसं गेली. आल्बर्ट हाइम या भूगर्भशास्त्रज्ञाने लगेच येऊन वाचलेल्यांच्या जबान्या घेतल्या. दगड इतक्या दूर कसा वाहतो, या अभ्यासात एल्मचं नाव आजही येतं.

चर्चपाशी मृतांचं स्मारक आहे. तिथे थांबाच. नंतर गावाखालच्या सपाट हिरव्या कुरणांतून चाला. ही हिरवळ त्या दगडांवर उगवली आहे, हे माहीत असल्यावर पाऊल वेगळं पडतं.

गावात पाट्यांचा जुना कारखाना जपला आहे. तो मार्गदर्शकासोबतच पाहता येतो, आधी कळवावं लागतं. आईने लहानपणी दगडी पाटीवरच मुळाक्षरं गिरवली होती. लाकडी चौकटीची पाटी हातात घेतल्यावर तिने आधी सवयीने ती पुसली. खाणीत उतरायचं असेल तर दरीत खाली एंगीला उतरा. तिथल्या जुन्या भूमिगत खाणीत १९६१ पर्यंत काम चाललं. आत गार असतं, स्वेटर हवाच.

जुन्या लाकडी घरांच्या जपणुकीसाठी एल्मला १९८१ मध्ये वाकर पुरस्कार मिळाला. त्यातलं सुवोरोव्हचं घर चुकवू नका. १७९९ च्या ऑक्टोबरात फ्रेंचांपासून माघार घेणारा हा रशियन सेनापती इथे एक रात्र राहिला आणि पुढे बर्फात पानिक्सर खिंड (२,४०७ मीटर) ओलांडताना त्याची शेकडो माणसं गेली. ही खिंड आजही सराव असलेल्यांनीच चढावी. स्कीवर तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारी फ्रेनी श्नायडर याच गावची. एल्म आता स्वतंत्र ग्रामपालिका नाही. एल्म ज्यात येतं त्या ग्लारुस प्रांताच्या लोकांनी २००६ मध्ये उघड्या मैदानातल्या जनसभेत हात वर करून २५ गावांच्या जागी तीनच ग्रामपालिका ठरवल्या आणि २०११ पासून एल्म ग्लारुस दक्षिणमध्ये गेलं.

झुरिकहून लिंथालच्या गाडीने श्वांडेन, तिथून झेर्न्फ नदीच्या काठाने बस. या दरीत १९०५ ते १९६९ छोटी रेल्वे होती, आता बसच. स्विस ट्रॅव्हल पास बसला चालतो. संध्याकाळच्या बसच्या वेळा आधी पाहून ठेवा, आणि रविवारी पोचणार असाल तर खाऊ वाटेतच घ्या.

शाकाहाऱ्यांनी त्सीगरहॉर्नली मागवा. मॅकरोनीत शाबत्सीगर हे हिरवं चीज किसून घालतात, बरोबर सफरचंदाचा गर देतात. मांस नको हे मात्र स्पष्ट सांगा. चीजमध्ये निळ्या फुलांच्या मेथीची पानं असतात. ताट आलं आणि आई वास घेऊन म्हणाली, "अगं, ही तर आपली मेथी."