एक सूत

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं, सगळे आडवे झाले आणि मी खाली पार्किंगमध्ये फळ्या मोजत बसले. सात आहेत. पाच फूट लांब, नऊ इंच रुंद, इंचभर जाड. एकीला टोकाशी वीतभर चीर गेली आहे, बाकीच्या सरळ. भाऊ काल गुहागरहून पुण्याला टेम्पोत घालून घेऊन आला आणि उतरवताना विचारलंन, "खरंच करणारेस, की कुणाला तरी देऊन टाकणारेस?"

फणस आमच्या परसातला. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा विहिरीच्या बाजूला मुळासकट आडवा झाला. झाड पडलं तरी फणस तोडबंदीच्या यादीतला, म्हणून आधी पंचनामा, मग कागद, मग वखार. कापून आणलेल्या फळ्या पडवीत मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. आमच्याकडचा हिशेब असा, की इंचभर जाडीला वर्षभर वाळवण. या चार वर्षं पडून होत्या, म्हणजे मुरल्या म्हणायला हरकत नाही.

करायचंय फडताळ, आईच्या स्वयंपाकघरात. जुनं वाळवीने खाल्लं. त्याच्या जागी प्लायचं आणलं ते दुसऱ्याच पावसाळ्यात खालून फुगलं आणि पापडासारखे पापुद्रे सुटले. आईने मापं टेपने घेतलेली नाहीत. सुतळी पाठवली आहे, गाठी मारून. पहिली गाठ लोणच्याच्या मोठ्या बरणीची उंची, दुसरी आगळाच्या बाटलीची, तिसरी डब्यांची. मी सुतळी टेपला लावून बघितली. बरणीला साडेतेरा इंच. एकूण तीन फूट उंच, सोळा इंच रुंद, खोली एका फळीत बसेल तेवढी.

६ एप्रिल

सकाळी बोहरी आळी. पाऊण इंची पटाशी, पितळी बिजागऱ्या आणि तेलाचा दगड हवा होता. दुकानदार सज्जन होता, पण तीनदा म्हणाला, "मॅडम, मिस्त्रींना फोनवर घ्या ना, मी त्यांच्याशी बोलतो." तिसऱ्यांदा मी म्हटलं, मीच मिस्त्री. त्यावर त्याने पटाशी बदलून दिली. आधीची वेगळ्याच गिऱ्हाइकांसाठी असावी.

दुपारी रंधा मारायला घेतला. चार वर्षांच्या धुळीने फळी राखाडी झालेली, शेणाने सारवल्यासारखी. तिसऱ्या-चौथ्या हाताला आतून पिवळा निघाला. हळदीचा नव्हे, पिकलेल्या गऱ्याचा पिवळा. रंध्याच्या तोंडातून सालपटं गुंडाळत बाहेर पडतात, हातात घेतली की कुरकुरतात. संध्याकाळी फरशीवर तो पिवळा भुसा ओला झाला तेव्हा पाण्याला रंग आला. ब्रह्मदेशात भिक्खूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाच्या रंगात रंगवतात असं वाचलं होतं, आज पटलं. गंमत म्हणजे तौक्ते हे नावही ब्रह्मदेशानेच दिलेलं. बोलक्या पालीला म्हणतात तिकडे. पालीने फणस पाडला.

फणसाच्या लाकडाची एक खोड आहे. त्याचे धागे एका दिशेने जात नाहीत. अर्ध्या फळीपर्यंत रंधा लोण्यातून गेल्यासारखा जातो आणि पुढे एकदम उकलतो. बोटभर जागी कच्चकन् ओरबाडा निघाला. पातं पुन्हा दगडावर घासलं, कमी बाहेर काढलं, तिरकं धरलं. मग जमलं. चार तासांत दीड फळी.

१३ एप्रिल

वरची आणि खालची फळी बाजूंच्या फळ्यांत कुसू काढून बसवायची, म्हणजे फळीच्या टोकाला जीभ कोरून ती खाचेत घालायची, खिळे मारायचे नाहीत, हे मी स्वतःच ठरवलेलं. आठ कुसू, आठ खाचा. आज पाच झाले.

पहिला कुसू खाचेत गेला आणि गोल गोल फिरला, कपबशीत चमचा फिरतो तसा. दुसरा शिरेचना. हातोडीने समजूत काढायला गेले तर बाजूची फळी तडकायला लागली. संध्याकाळी गावातल्या सुतारअण्णांना फोन लावला. माझ्या लग्नातला देव्हारा त्यांनीच केलेला. आता डोळे गेलेत, पण विचारतात बरोबर.

"खूण कशानं केलीस?"

"पेन्सिलीनं."

"पेन्सिलीची रेघच अर्धा सूत जाड असते, बाय. पटाशीच्या टोकानं खूण कर. आणि करवत रेघेवर नाही, रेघेच्या बाहेर."

मी ऑफिसात मिलिमीटरवाली. सुतार इंचाचे आठ सूत करतो आणि त्यातच पुढे पाऊण सूत, पाव सूत, चिमूट सोड, असं बोलतो. आधी मला वाटायचं, हा जुना घोळ आहे. पण कुसवाला पाव सूत म्हटलं की हाताला बरोबर कळतं. शून्य पॉइंट आठ मिलिमीटर म्हटलं की नुसतं डोक्याला.

फिरणाऱ्या पहिल्या कुसवाच्या टोकाला चीर पाडून पाचर मारली. बाहेरून आता ती पाचर दिसते, आणि मुद्दाम केलंय असं वाटतं. वाटू दे.

१ मे

सुट्टी. सांगाडा उभा राहिला! फेव्हिकॉल लावून, सुती दोरीने आवळून, दोरीत पट्टी घालून पीळ दिला. शिकंजे चारच आहेत आणि लागतात आठ. कर्ण मोजले, दोन्हीत एका सुताचा फरक. एका कोपऱ्याला थोपटून घालवला. मागची बाजू मात्र प्लायची आहे. सांगून टाकते. भिंतीकडेच असणार आहे.

दारासाठी दोन फळ्या जोडून एकच सपाट पान केलं. चौकट करून मध्ये दिल्हा, म्हणजे खोबणीत सुटी बसणारी फळी, बसवता आला असता, पण त्याला आणखी चार कुसू आणि खोबणी आली, आणि माझा आता कुसवांशी अबोला आहे. शिवाय सलग पिवळं दार दिसतंय छान. दाराची जागा सव्वाचौदा इंच. मी ते इतकं नेमकं बसवलं की कडेच्या फटीत पोस्टकार्ड जाईल, दुसरं जाणार नाही. फोटो काढून भावाला पाठवला. त्याने अण्णांना वाचून दाखवल्यासारखा सांगितला असावा, कारण रात्री त्यांचा फोन.

"एक सूत सोडलास ना गो?"

मी म्हटलं, "फट वाईट दिसते, अण्णा. आणि चार वर्षं वाळलंय लाकूड."

"बरं," म्हणाले. एवढंच.

सोसायटीत तक्रार गेलीये. आवाजाची नाही, भुशाची. वॉचमनला मात्र पिवळा भुसा हवाय, झाडांना घालायला.

२५ मे

चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून सुती बोळ्याने हात मारत होते. गेल्या रविवारी तीन हात झाले, आरशासारखं नाही पण ओठांसारखं चकाकायला लागलं होतं. आणि मग या आठवड्यात पाऊस. मे महिन्यात! बुधवारी संध्याकाळी घाईने चौथा हात दिला, तर सकाळी वरच्या फळीवर पांढरी साय धरलेली. दमट हवेत लाखेचं पॉलिश असं करतं, हे माहीत होतं. माहीत असून केलं. आज ऊन पडल्यावर नुसत्या स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवला तर साय बरीच गेली. एका कोपऱ्यात राहिली आहे. तिथे आई तिचं कॅलेंडर टांगेल.

एक दिसलं. पॉलिशच्या आधीच, नुसत्या उजेडाने, पिवळा रंग बदलायला लागलाय. खिडकीकडची बाजू मधासारखी झाली आहे, आतली अजून पिवळी.

८ जून

उंब्रजवरून कुंभार्ली घाटाने, चादरी गुंडाळून, वर ताडपत्री. घाटात धुकं इतकं की भावाला पुढच्या ट्रकचा फक्त दिवा दिसत होता. आईने फडताळाला हात लावला, दार तीनदा उघडलं-मिटलं. "आवाज नाही करत," म्हणाली. आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक होत नाही. मग तिने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं आणि मी ओरडले. बरणी पहिल्या गाठीच्या मापात बरोबर बसली.

रात्री पत्र्यावर पाऊस. मी उठून एकदा टॉर्चने बघून आले, उगीच.

२० जुलै

मंगळवारी आईचा फोन, "आठ दिवस आम्ही लोणच्याशिवाय जेवतोय."

दार उघडेना. तिने आधी हाताने ओढलं, मग मूठ पकडून पाय लावून, मग उलथन्याने. उलथनं वाकलं. आत लोणचं, आगळ, पोह्याचे पापड, सगळं बंदोबस्तात. हे ऐकून मी हसले, आणि मग रात्री झोप लागेना.

काल आले. बघताच कळलं. पान आडवं फुगून दोन्ही बाजूंना घट्ट दाबून बसलंय. लाकूड लांबीला वाढत नाही, वाढतं ते रुंदीला, आणि मी दाराच्या दोन्ही फळ्या उभ्या लावलेल्या. वरची-खालची फळी आडवी, त्यामुळे सांगाडा सोळा इंचच राहिला आणि त्याच्या पोटात दार वाढलं. चार वर्षं पडवीतली हवा प्यायलेल्या फळ्या पुण्याच्या एप्रिलमध्ये आटल्या, आणि मी त्या आटलेल्या मापालाच खरं माप समजले. चौकट आणि दिल्हा केला असता तर दिल्हा खोबणीत आतल्या आत फुगला असता. चार कुसू वाचवले होते ना.

अण्णांकडे गेले. वाटेत ऐकवण्यासारखं बरंच तयार केलं होतं, त्यांनी काही बोलूच दिलं नाही. नुसते हसले. "माहेरी आली, चार दिवस राहिली, अंग धरणारच ती."

मग कामाचं बोलले. बिजागरीचे स्क्रू काढ, दार खालून पाचरीने उचल, ठोकू नकोस. मुठीच्या बाजूची कड रंध. आत्ता हवा पूर्ण भरलेली आहे, याहून जास्त फुगणार नाही, तेव्हा आत्ता पुरेल तेवढंच काढ. उन्हाळ्यात फट दिसेल. "दिसू दे. फटीतून लोणचं पळत नाही."

पडवीत दोन पाट मांडून दार आडवं ठेवलं. पाऊस उभा कोसळत होता, दिवसा बल्ब लावावा लागला. मोजून दीड सूत काढलं. बसवलं. बंद केलं, उघडलं. थोडं घासतंय खाली, पण उघडतं.

दर्शनी बाजू दोन महिन्यांत गुळासारखी झाली आहे. नव्याने रंधलेली कड मात्र तशीच पिवळीधमक. दार मिटलं की बारीक पट्टी दिसते, वरपासून खालपर्यंत. मी पॉलिशची बाटली घेऊन बसले तर आई म्हणाली, "आत्ता नको लावू, पांढरं पडेल म्हणालीस ना. दिवाळीत ये."

तिने बरण्या परत लावल्या. मोठी पहिल्यांदा.