एका डब्यावर चार खोल्या

बेळगावात अनगोळच्या घरावर दादानं यंदा वरचा मजला चढवला. सुट्टीवर आलो, अजून बॅग उघडली नव्हती, तोवर त्यानं मला जिन्यानं वर नेलं. एसीच्या तांब्याच्या पाइपांसाठी भिंतीत खाचा मारायला गवंडी दोन दिवसांनी येणार होता. "चार बेडरूम, बाहेर एकच डबा. मल्टी म्हणत्यात त्याला. तू हॅलिफॅक्सला घेतलायस न्हवं? मग सांग की, घालू का नको?"

घेतलाय खरा, पण चार खोल्यांचा नाही.

आमचं तिकडचं, कॅनडातलं घर जुनं. तळघरात तेलाची टाकी आणि भट्टी. हिवाळाभर टँकरवाला आणि बिल आलटून पालटून दारात. शेवटी हीट पंप बघायला लागलो. हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी. "शून्याच्या खालच्या हवेत कसली ऊब रे?" असं आईनं विचारलं होतं. तिला फ्रिजच्या मागं हात लावायला सांगितलं. आतली उष्णता उपसून तो मागं टाकतो, म्हणून ती बाजू गरम लागते. हा पंप बाहेरची उष्णता उपसून घरात आणतो. बाहेर सात-आठ अंश असेल तर एक युनिट विजेत तीन-चार युनिटांची ऊब मिळते, साध्या कॉइलच्या हीटरला एकास एक. पारा उतरला की हा हिशेबही उतरतो, तरी हीटरपेक्षा बरा.

पहिला विक्रेता आला, दहा मिनिटांत घर फिरला आणि बाहेर तीन टनांचा डबा, घरात चार युनिटं, असा कागद देऊन गेला. दुसरी एक बाई आली. तिनं टेप लावून खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढली आणि खाली येऊन म्हणाली, आधी माळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर घाला, मग मशीनचं बोलू. पहिल्याच्या कागदावर तिनं एका आकड्यावर बोट ठेवलं. इन्व्हर्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा असला तरी कॉम्प्रेसर एका मर्यादेपर्यंतच हळू होतो. त्या डब्याची ती मर्यादा जवळपास एक टन होती. रात्री एकच छोटी खोली चालू, तिला लागणार पाव टन. मग मशीन रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. वीज जास्त, झीज जास्त. शिवाय गरम करताना बंद खोल्यांच्या युनिटांतूनही थोडा गॅस फिरतच राहतो.

म्हणून खाली एक स्वतंत्र घेतला, वर दोन खोल्यांना मिळून एक. त्या दोनातही कुरकुर आहेच. मे महिन्यात माझी दक्षिणेची खोली उन्हानं तापते, लेकीची उत्तरेची गारठलेली. एकीकडं थंड, दुसरीकडं गरम हे या डब्याला जमत नाही. बाहेरचं मशीन एका वेळी एकाच दिशेनं चालतं. मी खिडकी उघडतो, ती स्वेटर घालते.

जानेवारीत व्हिडिओ कॉलवर आईनं बाहेरचा डबा बघितला. पांढरा बर्फ धरलेला, आणि एकदम त्यातून वाफेचे लोट. "अरे, धूर येऊलाय! बंद कर आधी!" बर्फ वितळवायला मशीन चार-पाच मिनिटं उलटं फिरतं, घरातलीच ऊब घेऊन. तेव्हापासून ती त्याला 'तुझा बंब' म्हणते. वीज गेली की मात्र हा बंब मुका. सप्टेंबर 2022 मध्ये फियोना वादळानं आमच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात कित्येक घरांची वीज दिवसच्या दिवस घालवली. लाकडाची शेगडी आम्ही काढली नाही ती त्यामुळंच.

आता बेळगाव. डिसेंबरात इथं कांबळं पुरतं, त्यासाठी मशीन नको. प्रश्न एप्रिल-मेचा, आणि तोही स्लॅबचा. खानापूरला आजोळच्या मातीच्या भिंती आणि कौलांखाली दुपारी डोळा लागायचा. दादाच्या स्लॅबला मी संध्याकाळी सात वाजता स्टुलावर चढून खालून तळवा टेकवला, तर तो तव्यासारखा. म्हटलं, आधी वरून पांढरा कूल पेंट मार, एसी त्याच्यानंतर. आणि रोज झोपायच्या खोल्या किती? दोन. मग एक-एक टनाचे दोन वेगळे एसी घे. एक बिघडला तर गादी उचलून दुसऱ्या खोलीत जाता येतं. मल्टीच्या बाहेरच्या डब्यातलं इलेक्ट्रॉनिक कार्ड पावसाळ्यातल्या व्होल्टेजनं उडालं, तर चारही खोल्या घामाघूम.

"पण दोन डबे पुढनं दिसायला घाण दिसतील की."

"मागच्या भिंतीला लाव, मोरीच्या वर," वहिनी म्हणाली. तिथं पाणी जायला उतारही आयता होता. विषय मिटला.

गवंडी आला, दोन खोल्यांत खाचा मारल्या. तिसरीत पुढंमागं लागेल म्हणून नुसता पाइप सोडला. चौथीच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, "हितं काय?"

"ही याची खोली," दादा माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला. "हितं पंखा."