तिसऱ्याची जागा

खुर्ची एकाचीच असते, त्यात ठरवण्यासारखं काही नाही. बाक कितीजणांचा, हे मात्र करवत हातात घेण्याआधी ठरवावं लागतं. माणशी साधारण 50 सेंटिमीटर धरले तर मीटरभर बाकावर दोघं ऐसपैस बसतात. तोच 120 केला की तिसरा ‘जरा सरका हो’ म्हणत टेकतो. मला हे अडचणीचं मापच आवडतं. 150 केलं तर कुणाला कुणाशी बोलायची गरजच उरत नाही.

शिवाय लांब फळीला मध्ये झोळ पडतो. तो टाळायला पाय आत घ्यावेत, तर टोकावरचा माणूस धोक्यात! शेजारचा उठला की हा बाकासकट जमिनीवर. म्हणून पाय टोकाजवळ हवेत आणि थोडे बाहेर फाकलेले. उंचीचा फार काथ्याकूट नको. 45 सेंटिमीटरच्या आसपास बहुतेकांचे पाय जमिनीला टेकतात.

खरा हट्टी गडी म्हणजे लाकूड. झाड कापून कितीही काळ लोटला तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. फळी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जवळजवळ तसूभरही हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. तिच्या खाली आडवी पट्टी स्क्रूने घट्ट आवळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. फळीला हलायला जागाच नाही, मग ती तडकेल नाही तर काय करेल? पट्टीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवली की भांडण मिटतं.

पाय फळीतून आरपार काढून वरून पाचर ठोकायची असेल, तर ती फळीच्या रेषांना आडवी बसवावी. रेषांच्या दिशेने बसवली की ती पाय पक्का करण्याऐवजी फळीच फोडते.

शेवटी डुगडुग. चार पाय म्हटले की ती आलीच. नजरेने एकेक पाय कापत गेलं तर बाकाचा पाट होतो. त्यापेक्षा सपाट जागी बाक ठेवावा, पायांखाली चकत्या सरकवून बैठक समपातळीत आणावी, आणि एकाच ठोकळ्यावर आडवी धरलेली पेन्सिल चारही पायांभोवती फिरवावी. करवत त्या रेघेवरच चालवायची. वर ‘अजून एक मिलिमीटर’ म्हणणारे सल्लागार जमतातच. त्यांना बाक पुरा होईपर्यंत उभंच ठेवावं.